जोडी कशाला म्हणायचं

प्रिय वहिनी,

हे दोन शब्द लिहिले आणि पेन खाली ठेवून नुसती बसून राहिले. कोर्टाच्या कागदांप्रमाणे तू आता माझी वहिनी नाहीस, हे मला कळतं. नावाने हाक मारून बघितली, मनातल्या मनात, पण ते नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. लग्नाआधी तू आमच्या पोहण्याच्या तलावाची 'कोच मॅडम' होतीस आणि लग्नानंतर माझी वहिनी. त्याच्या पुढच्या काळासाठी आपल्या भाषेत शब्दच नाही. तेव्हा वहिनीच. चालवून घे.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोन केला असता तर पहिल्या मिनिटाला तू काहीतरी बोलून मला हसवलं असतंस, आणि एकदा हसले की पुढचं माझ्याच्याने बोलवलं नसतं. मी सुटले असते. या वेळी मला सुटायचं नाहीये. म्हणून पत्र. अक्षर अजून तसंच आहे, मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं. चष्मा लावून वाच.

आधी घरचं सांगते. घरात आता मी आणि दादा दोघंच. दादाने तलावावरची नोकरी सोडून पंपदुरुस्तीचं स्वतःचं दुकान टाकलं. बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण डॉक्टरकडे जायचं म्हटलं की तो दुरुस्त होतो. माझी तिकीटखिडकीतून बढती होऊन मी आत ऑफिसात बसते. म्हणजे पूर्वी उभ्याने शिव्या खायचे, आता बसून खाते. बायकांच्या शॉवरखोलीच्या जुन्या पांढऱ्या टाइल्स गेल्या वर्षी काढल्या आणि तिथे कसलं तरी खरबरीत काहीतरी बसवलं. पाय घसरत नाहीत म्हणे. आवाजही घुमत नाही. बसवून झाल्यावर मी आत जाऊन एकदा हळूच सूर लावून पाहिला आणि तो भिंतीने गिळून टाकला. तुला सांगावंसं वाटलं होतं तेव्हा. नाही सांगितलं.

आता मूळ गोष्ट. दोनेक महिन्यांपूर्वी तलावाच्या ऑफिसात दोन माणसं आली. एक गृहस्थ, ज्याची छोटीशी रेकॉर्डिंग कंपनी आहे. जुन्या, लोक विसरलेल्या कॅसेटी शोधून त्या साफसूफ करून पुन्हा काढायच्या हा त्याचा धंदा. फोनवर ऐकायलाही आणि हल्ली पुन्हा निघालेल्या त्या काळ्या मोठ्या तबकड्यांवरही. दुसरी एक समीक्षक बाई, साधारण आपल्याच वयाची, संगीतावर वर्तमानपत्रात लिहिणारी. तिला आपली कॅसेट कुठल्याशा जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली होती. वहिनी, तिला आपली सगळी गाणी पाठ होती! ऑफिसातल्या मोडक्या खुर्चीवर बसून तिने तुझ्या 'पायरी'ची पहिली ओळ म्हणून दाखवली, 'पायरी पायरी पाणी उतरे, मी उतरते त्याच्या मागे', आणि बाहेर पोहायला आलेल्यांची रांग खोळंबून राहिली.

कॅसेट पुन्हा काढायची ठरली. बाई तिच्या पाकिटावरचा मजकूर लिहिणार होत्या. त्यासाठी त्यांनी मला कागद दाखवला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'लोक-रॉक स्वरमेळ गाणारी जोडी'. मी वाचलं आणि मला हसू आलं. आपल्याला काय म्हणावं यावर जन्मभर लोकांनी डोकं फोडून घेतलं आणि तू त्यांची मजा बघितलीस. तुझं ते वाक्य मी बाईंना ऐकवलं, की नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात फक्त एका टिंबाचा फरक आहे. बाईंनी ते लगेच लिहून घेतलं.

मग त्यांनी एकेक शब्द घेऊन मला विचारायला सुरुवात केली. 'पायरी' हे नदीवरच्या बायकांचं किती जुनं गाणं आहे, तुम्हाला कोणाकडून मिळालं? मी म्हटलं, तलाव वर्षातून एकदा रिकामा करतात. तेव्हा पाणी खाली जाता जाता आतल्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडतात. वहिनी हातात ब्रश घेऊन त्या घासत खाली उतरत होती, तेव्हा तिने ते गाणं केलं. नदी नाही, घाट नाही, ब्लीचिंग पावडर होती. बाईंचा चेहरा बघायला हवा होतास. मग म्हणाल्या, कॅसेटभर एक खर्जातला सूर मागे अखंड वाजतो, ते कुठलं लोकवाद्य? मी म्हटलं, साडेसात हॉर्सपॉवर. त्यांना कळेना. म्हटलं, गाळणीचा पंप आहे तो. आमचा भाऊ खाली पंपघरात असायचा, आम्ही वर शॉवरखोलीत, आणि त्या पंपाच्या घुंईवर आम्ही सूर लावायला शिकलो. पुढे कॅसेट करायची वेळ आली तेव्हा त्याच्याशिवाय आमचा सूर लागेना, म्हणून भावाने रेकॉर्डिंगचं मशीन उचलून पंपघरातच आणलं.

बाई खूप हसल्या, पण हार मानली नाही. 'म्हणजे लोक नाही,' त्या म्हणाल्या, 'मग रॉक तरी?' मी त्यांना त्या दोन कार्यक्रमांबद्दल सांगितलं. लोकगीतांच्या संमेलनात दादाची इलेक्ट्रिक गिटार बघून संयोजकांनी आपल्याला मंडपाच्या बाहेर उभं केलं होतं, 'हे आमच्यात बसत नाही, बाई' म्हणून. आणि त्यानंतर महिनाभराने त्या रॉकच्या स्पर्धेत, आपण माइकपाशी गेलो तर केस वाढवलेला एक पोरगा म्हणाला होता, 'काकू, साउंड टेस्टिंग चालू आहे, जरा खाली उतरता का?' काकू! तिशीसुद्धा गाठली नव्हती आपण. तू त्याला म्हणालीस, 'बाळा, तूच खाली उतर आणि समोर बस, म्हणजे नीट ऐकू येईल.' तो खरंच बसला. आणि शेवटी सगळ्यात जास्त टाळ्या त्यानेच वाजवल्या.

एक मात्र मान्य करायला हवं. बाईंनी मला एक उत्तर दिलं ते मला खोडता आलं नाही. त्या म्हणाल्या, 'पाटी म्हणजे पत्ता असतो हो. पत्ता म्हणजे घर नव्हे, हे मलाही कळतं. पण पत्त्याशिवाय तुमच्या घरी कोणी येणार कसं? ज्याला असं काही आवडतं त्याने हजार रेकॉर्डांमधून तुम्हाला शोधायचं कसं?' आणि खरंच आहे ते. त्या स्वतःही 'लोकगीते' असं लिहिलेल्या खोक्यात हात घातला म्हणूनच आपल्यापर्यंत पोचल्या होत्या. चुकीच्या पाटीने बरोबर माणूस आणून सोडला होता. तेव्हा 'लोक' हा शब्द अर्धा खोटा, 'रॉक' हा अर्धा खरा, असं आम्ही दोघींनी हसत हसत ठरवून टाकलं. स्वरमेळाबद्दल वादच नव्हता.

त्याबद्दल मी त्यांना पुष्कळ बोलले. तू मला 'टिटवी' म्हणायचीस ते सांगितलं, माझा आवाज उंच आणि आगाऊ म्हणून. पहिल्यांदा तू माझ्याबरोबर गायलीस तेव्हा मी काहीतरी गुणगुणत टाइल्स पुसत होते, आणि तू पलीकडच्या मोरीतून खालच्या आवाजात सुरू झालीस. माझीच चाल नव्हती ती. दुसरीच होती, पण माझ्या चालीला लागून, जिन्याला कठडा असावा तशी. मी घाबरून थांबले. तू ओरडलीस, 'थांबतेस काय? धरून चाल की.' त्या दिवसापासून मी धरूनच चालत आले. लोक माझ्या आवाजाचं कौतुक करायचे, कारण चाल माझ्याकडे असायची. त्यांना वाटायचं तू साथ देतेस. मला माहीत होतं की तू होतीस म्हणून मी तेवढं उंच जायची हिंमत करायची. खाली कोणी उभं आहे म्हटल्यावर माणूस झाडावर चढतो, तसं. हे मी बाईंना सांगितलं, वर्तमानपत्रात यावं अशा सुरात. तुला मात्र कधी सांगितलं नव्हतं.

मग त्या दोघांनी विचारलं, 'दुसऱ्या बाई कुठे असतात?'

खरं म्हणजे त्यांना तुझी गरजच होती. मूळ टेपवरची दोन गाणी ओल लागून पार गेली होती, 'पायरी' आणि 'टॉवेल'. ती दोन आपण पुन्हा गावीत, बाकीची जुनीच ठेवू, असा त्यांचा बेत होता. गृहस्थ म्हणाले, 'तुम्ही त्यांच्याशी बोला, तुमचं घरचं नातं.' मी म्हटलं, बोलते. आणि घरी आले.

वहिनी, मी तुला फोन केला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. रोज संध्याकाळी फोन हातात घ्यायचे आणि मग मला कुकर लावायची आठवण व्हायची. स्वतःला मी सांगत होते की दादाला त्रास होईल. तू घर सोडलंस तेव्हापासून तुझा विषय त्याच्यासमोर काढायचा नाही, हा नियम मीच केला आणि मीच पाळला. तुमच्या दोघांत धड भांडणसुद्धा झालं नव्हतं, नाहीतर बरं झालं असतं, निदान कोणाचं तरी चुकलं असतं. तुला त्या दुसऱ्या गावातल्या मोठ्या तलावावर मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं, त्याला इथून हलायचं नव्हतं, आणि तुम्ही दोघं एकमेकांना इतक्या समजुतीने सोडत गेलात की शेवटी धरायला काही उरलंच नाही. तू जाताना मला म्हणाली होतीस, 'गाणं चालू ठेवू, महिन्यातून एकदा भेटत जाऊ.' मी हो म्हटलं होतं. पण भेटायचं म्हणजे घरातून निघताना दादाला सांगायचं की कुठे चाललेय. ते अवघड वाटायचं. एकदा राहिलं, दुसऱ्यांदा राहिलं, मग तूही विचारायची थांबलीस.

पण या वेळी दादा हे निमित्तच होतं. खरं काय ते आता लिहिते. तू नाही म्हणशील याची मला भीती वाटत नव्हती. तू हो म्हणशील याची वाटत होती. तू लगेच हो म्हटलं असतंस, पहिल्या बसने आली असतीस, आणि काही झालंच नाही अशी माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली असतीस. मग त्या सगळ्या वर्षांचं तुझ्या डोळ्यांत बघून मी काय केलं असतं? तू रागावली असतीस तर मी सोसलं असतं. तू रागावली नसतीस, तेच मला सोसलं नसतं.

आठवडा उलटून गेल्यावर गृहस्थांचा फोन आला, काय झालं विचारायला. मी भाजी चिरत होते. तोंडातून निघून गेलं, 'ती आता गात नाही.' अगदी सहज निघालं, बघ. आधी ठरवलेलं असतं तर मी अडखळले तरी असते. ते हळहळले. मग म्हणाले, 'हरकत नाही, हल्ली सोपं असतं. दोन्ही आवाज तुम्हीच गा. आधी वरचा, मग तोच कानात ऐकत खालचा. कोणाला कळणारही नाही.'

मी गेले आणि गायले. स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळघरात, अंड्यांच्या ट्रेसारखे फुगवटे असलेल्या भिंतींची खोली. वरचा आवाज पटकन झाला. मग त्यांनी हेडफोनमध्ये तो मला ऐकवला आणि खालचा गायला सांगितलं. मला वाटलं होतं जमणार नाही, आणि आपसूकच सगळं मिटेल. पण मला तुझी सगळी ओळ येत होती, वहिनी. इतकी वर्षं ती माझ्या उजव्या कानात पडत आलेली. मी हनुवटी तुझ्यासारखी खाली घेतली, शब्द तुझ्यासारखे थोडे जाड केले, आणि गात सुटले. काचेपलीकडे गृहस्थ अंगठा वर करून उभे. म्हणाले, 'काय जुळलंय! एका रक्ताचे आवाज वाटतात.' वाटणारच की. एकाच बाईचे होते.

घरी येताना मला चोरी करून पळाल्यासारखं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. मला बरं वाटत होतं. हे लिहायला फार जड जातंय, पण लिहिते: छान झालंय, आपल्याला कोणाची गरज लागली नाही, अशी एक गुर्मी त्या दिवशी माझ्या चालण्यात होती.

ती फार टिकली नाही. दोन दिवसांनी समीक्षक बाईंनी मजकूर पाठवला. दोन्ही आवाज माझेच आहेत हे त्यांना गृहस्थांनी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगायचं राहून गेलं असेल. त्यांनी नव्या दोन गाण्यांबद्दल लिहिलं होतं की एवढ्या वर्षांनी दोघी पुन्हा माइकसमोर उभ्या राहिल्या आहेत, आणि वयाने दोघींचे आवाज असे काही एकमेकींत विरघळले आहेत की कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नाही. वर तेच शीर्षक, 'लोक-रॉक स्वरमेळ गाणारी जोडी'. चूक दाखवायला एक ओळ पुरली असती. मी उत्तर पाठवलं, 'सुंदर लिहिलंय.' पाठवून झाल्यावर ते शीर्षक मी पुन्हा वाचलं. त्या सगळ्या शब्दांवर मी बाईंशी तासभर हुज्जत घातली होती, 'जोडी' सोडून. त्यात काय वाद घालायचा, ते तर ढळढळीत खरं, असं वाटलं होतं. आणि माझ्या हाताने खोटा झाला तो नेमका तेवढाच शब्द.

तरीही मी गप्पच राहिले, हे तुला कळायला हवं. मला उपरती वगैरे काही झाली नाही. दादाने पकडलं.

रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर शेजारच्यांचा मिक्सर उघडून बसला होता. मला वाटलं तो आपल्या कामात आहे. मी ओट्यापाशी उभी राहून फोनवर 'पायरी' लावली, हळू आवाजात. पहिलं कडवं संपलं आणि त्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला. म्हणाला, 'हे कोण गातंय?' मी म्हटलं, 'आम्हीच.' तो म्हणाला, 'वरचं तू. खालचं कोण?'  त्याने परत लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं, मान खाली घालून, पंप ऐकतो तसं. मग म्हणाला, 'ही ती नाही. ती "उतरे"वर श्वास तोडत नाही. पुढचा "मी" उचलते आणि मग घेते, म्हणून तर तुला तिथे टेकायला मिळतं. इथे दोघींचा श्वास एकदमच तुटतोय. मधे भोक पडलंय.'

वहिनी, त्याने तुझ्याबद्दल 'ती' म्हटलं आणि मला कळलं की त्याला तुझा विषय कधीच अवघड नव्हता. मी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, 'तिला विचारलंस?' मी म्हटलं, 'तुला वाईट वाटेल म्हणून मी...' त्याने पुरतं बोलूच दिलं नाही. 'माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस,' म्हणाला. चिडून नाही. मग मिक्सरचं पातं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, 'लग्न माझ्याशी मोडलं होतं. तुझ्याशी कुठे मोडलं होतं?' आणि मिक्सर सुरू करून बघायला लागला. फार मोठा आवाज झाला आणि त्या आवाजात मी रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी स्टुडिओत गेले. बाईंनाही तिथेच बोलावून घेतलं, दोनदा सांगायची ताकद नव्हती. उभ्या उभ्याच सांगितलं, की खालचा आवाज माझा आहे, आणि दुसऱ्या बाई गातात की नाही हे मला माहीत नाही, मी त्यांना विचारलंच नाही. गृहस्थ भडकले. त्यांचं बरोबर होतं. तबकड्यांचं काम पुढे गेलं होतं, पाकिटं छापायला जायची होती. म्हणाले, 'अहो बाई, तुम्ही इतकं छातीठोकपणे सांगितलंत!'  समीक्षक बाईंनी पर्समधून आपला मजकूर काढला, ते विरघळण्याचं वाक्य खोडलं, आणि पेन्सिल 'जोडी'वर आणून थांबल्या. मला म्हणाल्या, 'हे ठेवू का?' त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मी काहीतरी बोलले असते. नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, 'ते एकटीने सांगायचं नसतं.' त्यांनी त्या शब्दाशेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद ठेवून दिला.

हे पत्र आज का लिहिलं ते आता सांगते. मी गायलेला तुझा आवाज त्यांनी माझ्यासमोर पुसला. वरचा तेवढा ठेवलाय, खालची जागा मोकळी आहे. तुझा नंबर मी त्यांना दिला, या आठवड्यात ते गृहस्थ स्वतः तुला फोन करतील. माणूस भला आहे पण बोलण्यात सरळसोट. पहिल्याच वाक्यात म्हणेल, 'तुम्ही गाणं सोडलंय असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.' कोणी सांगितलं, असं तू त्याला विचारशील, आणि त्या परक्या माणसाच्या तोंडून माझं नाव तुझ्या कानावर पडेल. त्याच्या आधी ते माझ्याकडून पडावं, एवढ्यासाठी हे सगळं. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. ती दोन गाणी तशीच एका आवाजात निघतील, किंवा निघणार नाहीत, ते मी त्यांच्यावर सोडलंय. माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नकोस, आणि मला काही कळवलं नाहीस तरी मी समजेन. फक्त नाही म्हणायचं असेल, तर ते तुझं तू म्हण, वहिनी. तुझ्या वतीने मी एकदा म्हणून बसलेय.

तुझीच,
टिटवी